वहीत ‘रडलं’च्या जागी ‘रडले’ येतं तेव्हा: बाळंतपणानंतरचं नैराश्य कसं ओळखायचं आणि काय करायचं

माझ्या मुलीच्या पहिल्या दोन महिन्यांची एक वही आहे. साधी दोनशे पानी लाँग बुक, पट्टीनं उभ्या रेघा मारून केलेले रकाने: वेळ, दूध, शू, शी, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे, ‘रडलं’. बाळ रडलं. बत्तिसाव्या दिवशी पहाटे ३:४० च्या नोंदीसमोर मात्र ‘रडले’ आहे. अनुस्वार गेला, मात्रा आली. पुढची पाच पानं तसंच. मी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. लशीच्या आदल्या रात्री नवरा वही चाळत होता. मध्येच थांबून म्हणाला, “अगं, हे ‘रडले’ कोण?”

तोवर आमच्या भांडुपच्या घरात सगळं नीट चाललंय असंच सगळे धरून चालले होते. बाळाचं वजन वाढत होतं, बारसं झालं होतं, आईनं चिपळूणहून आणलेले डिंकाचे लाडू संपत आले होते. टाके दाखवायला गेले तेव्हा दोन मिनिटांत तपासणी उरकली, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या लिहून मिळाल्या, “बाकी सगळं नॉर्मल.” मनाचं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगणार काय? बाळ रडायला लागलं की मला त्याला उचलावंसं वाटत नाही, हे? असं वाक्य बाळंतिणीच्या तोंडून निघू शकतं हेच मला खरं वाटत नव्हतं.

हा लेख तेव्हाच्या माझ्यासारख्या बाईसाठी आहे आणि तिच्या घरातल्यांसाठी. एवढं वाचायची ताकद नसेल तर नुसता पुढचा भाग वाचा आणि मोबाईल घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या.

आधी हे: इथे थांबायचं नाही

स्वतःला संपवून टाकावं असे विचार येत असतील, त्यासाठी काय करायचं हे मनात ठरत असेल, किंवा बाळाला आपल्या हातून इजा होईल असं खरोखर वाटत असेल, तर आजच्या आज, रात्र असली तरी, घरातल्या माणसाला उठवून सांगा. बाळ त्याच्याकडे द्या. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर मात्र फोनवर विसंबू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

दुसरी गोष्ट घरातल्यांसाठी. बाळंतपणानंतर, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत, बाई दोन-तीन रात्री झोपलीच नाही आणि तरी दमलेली दिसत नाही, एकसारखी बोलते, असंबद्ध बोलते, आवाज ऐकू येतात म्हणते, बाळ बदललंय किंवा त्याच्यात काही दैवी आहे असं ठामपणे सांगते, घरच्यांवर संशय घेते. हे नैराश्य नव्हे, हा प्रसूतीनंतरचा सायकोसिस. हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना होतो. आपल्याकडे अशा वेळी ‘बाहेरचं काही’ म्हणून अंगारा लावला जातो, कुणी देवऋषी गाठतं, आणि त्यात मोलाचे दिवस जातात. ही हार्ट अटॅकइतकीच तातडीची गोष्ट आहे. तिला आणि बाळाला क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

पहिली पायरी: दिवस मोजा

बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उगाच भरून येणं, क्षुल्लक गोष्टीवर रडू फुटणं, चिडचिड, हे अर्ध्याहून जास्त बायकांना होतं. वार सुटून पडली की शरीरातली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं (हार्मोन्स) काही दिवसांत धाडकन खाली येतात. त्यात रात्रीची जागरणं आणि टाक्यांचं दुखणं. ही हळवी अवस्था दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. तिला औषध लागत नाही, माणसं लागतात.

दोन आठवडे उलटले आणि ते ओसरलं नाही, उलट वाढलं, किंवा सगळं ठीक असताना दुसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू झालं, तर ती दुसरी गोष्ट आहे. नैराश्य बाळाच्या पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं. म्हणून कॅलेंडरवर प्रसूतीपासूनच्या चौदाव्या दिवसाला गोल करा. सव्वा महिन्याची वाट बघू नका. ‘सव्वा महिना झाला की होईल नीट’ हे मी रोज ऐकत होते आणि ते सांगणाऱ्यांवर माझा विश्वासही होता.

दुसरी पायरी: खरी लक्षणं ओळखा

नैराश्य म्हणजे कोपऱ्यात बसून रडणं असं आपल्या डोळ्यासमोर असतं. बाळंतिणीच्या बाबतीत ते पुष्कळदा तसं दिसतच नाही, कारण तिला बसायलाच मिळत नाही. ती दूध पाजते, लंगोट बदलते, पाहुण्यांना हसून चहा विचारते.

मला सगळ्यात आधी झोपेवरून कळायला हवं होतं. बाळ झोपलंय, घर शांत आहे, सासूबाई म्हणताहेत, “तूही पड घटकाभर,” आणि मी डोळे टक्क उघडे ठेवून पंख्याकडे बघत पहिल्या लोकलचा आवाज येईपर्यंत पडलेली. बाळामुळे झोप मोडणं वेगळं आणि बाळ झोपलेलं असूनही झोप न लागणं वेगळं. ही खूण पक्की लक्षात ठेवा. बाकी खुणा अशा: कशातच गोडी न वाटणं, बाळाकडे बघून काहीच न वाटणं किंवा त्याच्याविषयी सतत धास्ती (श्वास चालू आहे ना म्हणून रात्रीत वीस वेळा नाकाशी बोट धरणं), भूक मरणं, छातीत धडधड, साधा निर्णय न घेता येणं, अकारण संताप, आणि ‘मी वाईट आई आहे, हिला दुसरी कुणी आई मिळायला हवी होती’ हे मनात अखंड चालू राहणं.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण बायका ती मेल्या तरी बोलत नाहीत. बाळाला घेऊन खिडकीशी उभं असताना एकदम डोळ्यांपुढे चित्र येतं की बाळ हातून निसटलं. किंवा भाजी चिरताना सुरीकडे बघून अंगावर काटा येतो. असे नको असलेले विचार अनेक नव्या आयांना येतात. ते येऊन तुम्ही हादरत असाल, सुरी लपवून ठेवत असाल, खिडकीजवळ जायचं टाळत असाल, तर ते चिंतेचं लक्षण आहे, तुमच्या मनातली इच्छा नाही. डॉक्टरांना हे विचार परिचयाचे असतात आणि त्यांवर उपचार आहेत. पण ते विचार योग्यच वाटू लागले, कुणीतरी तसं करायला सांगतंय असं वाटलं, तर वरचा पहिला भाग पुन्हा वाचा आणि निघा.

‘मलाच का’ हा प्रश्न येतोच. आधी कधी नैराश्य आलेलं असणं, घरात कुणाला मानसिक आजार असणं, अवघड प्रसूती, बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागणं, पैशाची ओढाताण, घरातला त्रास, यांनी शक्यता वाढते. गोव्यातल्या आयांवरचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं हे सगळं जोखीम वाढवणारं ठरलं. ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ हे कोणत्या सुरात म्हटलं जातं हे बाळंतिणीला बरोबर कळतं. भारतातले ३८ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये काढलेला आकडा २२ टक्के आहे, म्हणजे साधारण पाच जणींत एक. तुमच्या बिल्डिंगमधल्या लहान मुलांच्या आया मोजून बघा.

तिसरी पायरी: कागदावर उतरवा

रोज तीन ओळी लिहा. किती तास झोपले, त्यात सलग किती. पोटभर जेवले का. आज किती वेळा रडू आलं किंवा भीती वाटली. बाळाची वही असेल तर त्याच पानावर कडेला लिहा. डॉक्टरांपुढे बसल्यावर डोकं रिकामं होतं, तेव्हा हाच कागद बोलतो.

जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे, एडिनबरा पोस्टनेटल डिप्रेशन स्केल, १९८७ सालची. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल: हसू येतं का, पुढच्या दिवसांची उत्सुकता वाटते का, उगाच स्वतःला दोष देता का, विनाकारण घाबरता का, वगैरे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. साधारणपणे १३ किंवा जास्त गुण आले तर नैराश्य असण्याची शक्यता बरीच असते. १० ते १२ असतील तरी डॉक्टरांशी बोलावं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काहीही असेल, तर बेरीज करत बसू नका. ही चाळणी आहे, निदान नव्हे. निदान डॉक्टरच करतात.

चौथी पायरी: एका माणसाला सांगा

सगळ्यांना सांगायची गरज नाही. एकच माणूस निवडा, आणि जवळचा म्हणून नव्हे, ऐकून घेणारा म्हणून निवडा. तो नवरा असेल, बहीण असेल, शेजारच्या काकू असतील. माझी आई जवळची होती, पण मी रडले की तिला इतकं वाईट वाटायचं की मलाच तिची समजूत घालावी लागायची.

काय बोलायचं ते सुचत नसेल तर हे वाक्य जसंच्या तसं घ्या: “मला बाळंत होऊन इतके आठवडे झाले. गेले पंधरा दिवस मला रोज रडू येतंय, बाळ झोपलं तरी झोप लागत नाही. मला डॉक्टरकडे जायचंय आणि माझ्याबरोबर कुणीतरी यायला हवंय.” त्यात ‘नैराश्य’ हा शब्द नाही, हे मुद्दाम. तो शब्द आला की घरात वाद सुरू होतो. झोप लागत नाही म्हटलं की वाद होत नाही. वाक्य म्हणायचंही बळ नसेल तर टाईप करून पाठवा. आमच्या घरात तर ते वहीनंच केलं.

पाचवी पायरी: डॉक्टरकडे

सुरुवात तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांपासून किंवा बाळाच्या डॉक्टरांपासूनही करता येते. लशीसाठी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात जाणं होतंच, त्याच फेरीत विचारा. त्यांनी ‘होतं असं, जाईल’ म्हणून उडवून लावलं तर सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्यासाठी सहसा कुणाच्या चिठ्ठीची गरज नसते.

मुंबईत महापालिकेच्या केईएम, सायन, नायर, कूपर या रुग्णालयांत आणि सरकारी जेजेमध्ये मानसोपचार विभाग आहेत. खाजगीपेक्षा खर्च फारच कमी. गर्दी मात्र असते, म्हणून सकाळी लवकर केसपेपर काढायला बरोबरचा माणूस रांगेत उभा राहील आणि तुम्ही बाळाला घेऊन बसाल, अशी तयारी करून जा. बाळाला न्यायला हरकत नाही, पण ते सांभाळायला तिसरं कुणी आलं तर तुम्हाला धडपणे बोलता येतं. बरोबर डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची नावं आणि तो कागद न्या.

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशक बोलून उपचार करतात. सौम्य त्रासात नुसतं समुपदेशन पुरतं, त्याहून जास्त असेल तर दोन्ही लागतं. पहिल्या भेटीत रक्ताच्या तपासण्यांचं स्वतःहून विचारा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. प्रसूतीनंतर काहींचं थायरॉइड बिघडतं आणि त्याची लक्षणं हुबेहूब नैराश्यासारखी दिसतात. अंगात रक्त नसेल तर कितीही समुपदेशन घ्या, उभं राहवत नाही. आणि पूर्वी कधी, झोप न लागताही भरपूर उत्साहात, वारेमाप खर्च करत, अखंड बोलत दिवस काढले असतील, तर ते नक्की सांगा. तो बायपोलर आजार असू शकतो आणि मग नैराश्याची नुसती गोळी उलटू शकते.

आता सगळ्या घरांत अडतं ती गोष्ट: “औषध घेतलं तर दूध पाजायचं नाही ना?” बहुतेक वेळा पाजता येतं. सर्ट्रालिनसारखी औषधं आईच्या दुधात अगदी अल्प प्रमाणात उतरतात, आणि पाजणाऱ्या आयांसाठी डॉक्टर ती आधी निवडतात. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा आजारी असेल तर बाळाच्या डॉक्टरांनाही विचारा. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा डोकेदुखी होऊ शकते. मला अठराव्या दिवशी पहिल्यांदा जेवणाची चव लागली, साधा वरणभात होता. बरं वाटल्यावरही औषध साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात आणि सावकाश उतरवतात. मनानं बंद करू नका, शेजारणीच्या सांगण्यावरून तर नाहीच.

हेही माहीत असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार दाखल व्हावं लागलं तर तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा आईपासून तोडता येत नाही. विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, हेही त्याच कायद्यात आहे. ‘बाळ काढून घेतील’ या भीतीनं थांबू नका.

सहावी पायरी: झोप मिळवायची, कशीही

माझं मत विचाराल तर घरात करण्यासारखी हीच सगळ्यात मोठी गोष्ट. ‘बाळ झोपेल तेव्हा झोप’ हा सल्ला चांगल्या मनानं देतात, पण तुकड्या-तुकड्यांच्या झोपेनं हा आजार हटत नाही. रात्रीत सलग चार-पाच तास मिळायला हवेत, आणि ते कुणीतरी ठरवून दिल्याशिवाय मिळत नाहीत.

आमचं घर वन रूम किचन. नवरा नऊ वाजता घरी यायचा. ठरलं असं की साडेनऊला मी पाजून स्वयंपाकघरात गादी टाकायची, दार लोटायचं, कानात कापूस. दहा ते अडीच बाळ त्याचं. मधल्या वेळेचं दूध मी आधी काढून फ्रिजमध्ये ठेवायचे, तो ते बोंडल्यानं पाजायचा. (मुंबईच्या उकाड्यात काढलेलं दूध बाहेर ठेवू नका, गरम करायचं तर वाटी कोमट पाण्यात ठेवून.) अडीचनंतर मी, सकाळी सहाला सासूबाई. पहिल्या दोन रात्री बाळ रडलं की मी उठून दाराशी जायचे. तिसऱ्या रात्री नवऱ्यानं त्याच्या बाजूनं कडी लावली आणि म्हणाला, “तू झोप. रडू दे. मी आहे.” त्या रात्री मी साडेचार तास झोपले. वहीत आकडा आहे.

दूध काढणं जमत नसेल तर एका वेळी वरचं दूध द्यायचं का हे बाळाच्या डॉक्टरांना विचारा. त्यात अपराध वाटून घेण्यासारखं काहीही नाही.

सातवी पायरी: घरच्यांनी काय करायचं

“काही हवं का?” असं विचारू नका. तिला सुचत नसतं. “मी बाळाला घेतो, तू आंघोळ करून ये” असं सांगा. जेवणाचं ताट हातात द्या. लंगोटांचं काम परस्पर उचला. “आमच्या वेळी नव्हती असली थेरं”, “बाळाकडे बघ, सगळं विसरशील”, “रडलीस तर दूध आटेल” ही वाक्यं घरात बंद. डोंबिवलीहून, विरारहून रविवारी बाळ बघायला येणाऱ्या मंडळींना नवऱ्यानं फोनवर सांगायचं, तिनं नाही. तिच्या रंगावर, पोटावर, दुधावर बोलणाऱ्यांना दारातच थांबवावं लागलं तरी चालेल.

शेक, मालिश, अळीवाची खीर यांना माझा विरोध नाही. मालिशवाल्या मावशींच्या हातांनी मला जे सुख दिलं ते कुठल्या गोळीनं दिलं नसतं. पण चाळीस दिवस कोंदट खोलीत, पडदे लावून, हे नको. सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्या आणि वीस मिनिटं चाला. सोसायटीचं आवार नसेल तर गच्ची किंवा चाळीची गॅलरी.

बापांचंही बघा. साधारण दहातल्या एका नव्या बापाला बाळ झाल्यानंतर नैराश्य येतं. तो रडत नाही, ऑफिसात उशिरापर्यंत थांबतो, तोंडातून शब्द काढत नाही, पिणं वाढतं, बारीकसारीक गोष्टीवर खेकसतो. रात्रीची पाळी करून सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्या माणसाला कुणी “तू कसा आहेस?” विचारत नाही. १४४१६ त्याच्यासाठीही आहे.

आठवी पायरी: कामावर परतणं आणि पुढचं मूल

पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी मातृत्व रजा २६ आठवड्यांची आहे, आणि बाळंतपणातून उद्भवलेल्या आजारासाठी डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत मिळू शकते. मागा. परतल्यावर पहिल्या आठवड्यात त्रास पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून डॉक्टरांची एक भेट त्याच आठवड्यात आधीच ठरवून ठेवा. सुधारणा सरळ चढत जात नाही. चार चांगल्या दिवसांनंतर एक वाईट दिवस येतो आणि सगळं व्यर्थ गेल्यासारखं वाटतं. तेव्हा वहीत मागे जाऊन झोपेचे आकडे बघायचे.

एकदा हा त्रास झाला की पुढच्या बाळंतपणात परत होण्याची शक्यता वाढते. म्हणून गरोदरपणातच डॉक्टरांना सांगायचं, आधीच्या औषधाचं नाव द्यायचं, आणि रात्रीच्या पाळ्या बाळ यायच्या आधी ठरवायच्या. दुसऱ्या वेळी नाव घालायला गेले तेव्हा फाईलमध्ये सोनोग्राफीच्या रिपोर्टांच्या मागे ती लाँग बुक होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, “हे काय?” मी बत्तिसाव्या दिवसाचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.